संमतीचा रकाना

"तुमच्या मांजरीला किती अपत्यं?" असं विचारत एक बाई माझ्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा माझ्याकडे मांजर नव्हतं. पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, काखेत छत्री, हातात कापडी पुठ्ठ्याची लांबडी वही. मला वाटलं, जनगणनेच्या बाई असाव्यात आणि यांचं काहीतरी पान चुकलंय.

"मांजर नाहीये आमच्याकडे," मी म्हटलं.

"नाही कसं? जिन्याखालच्या करड्या भाटीला रोज दूध कोण घालतं?"

"ते... बायको घालते."

"मग मांजर तुमचंच. बोलवा त्यांना, सही लागेल. आणि दूध बंद करा. जुलाब होतात."

नौपाड्यातल्या त्या चार मजली इमारतीत राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. बाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. सगळी नोकरी ठाण्यातच एका आरोग्य केंद्रात नर्स म्हणून झालेली, तीही कुटुंब नियोजनाच्या कामावर. निवृत्त होऊन दहाएक वर्षं उलटली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. सोसायटीच्या सेक्रेटरींपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे त्यांना सिस्टर म्हणत. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात, नातवंडं सांभाळतात, नाहीतर सोसायटीच्या कारभारात नाक खुपसतात. सिस्टरनी जुनंच काम पुढे चालू ठेवलं होतं. फक्त माणसं सोडून मांजरं धरली होती.

काम असं होतं. गल्लीतली बेवारशी मांजरं पिंजऱ्यात पकडायची, रिक्षात घालून एका संस्थेच्या प्राण्यांच्या दवाखान्यात न्यायची, नसबंदी करून घ्यायची आणि बोका असेल तर एक-दोन दिवसांनी, भाटी असेल तर चार-पाच दिवसांनी होती तिथेच आणून सोडायची. ऑपरेशन झालेल्या मांजराच्या डाव्या कानाचं टोक डॉक्टर कापून ठेवतात, म्हणजे तेच मांजर चुकून पुन्हा धरलं जात नाही. "माणसांत ही सोय नव्हती हो," सिस्टर म्हणायच्या. "एकाच बाईला समजवायला मी तीन-तीनदा गेलेय. तिसऱ्या वेळी तिनेच मला चहा पाजून समजावलं."

वही जुनीच, नोकरीतली. कव्हरवर छापलेलं होतं 'पात्र जोडपी'. त्यातल्या 'जोडपी'वर सिस्टरनी लाल शाईने काट मारली होती. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "मांजरांत जोडपी कुठली? बोका काय घरी थांबतो?" आत रकाने आखलेले होते. नाव, अंदाजे वय, जिवंत अपत्ये, शेवटचे बाळंतपण आणि सगळ्यात शेवटी, संमती. त्या मांजराला जो कोणी खाऊ घालतो त्याची सही त्या रकान्यात झाल्याशिवाय सिस्टर पिंजऱ्याला हात लावत नसत. "आधी विचारायचं, मग धरायचं," हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून चारदा तरी यायचं. मला ते निव्वळ खूळ वाटे. रस्त्यावरच्या मांजरासाठी सह्या गोळा करत फिरणारी बाईने आधी स्वतःलाच कुणाला तरी दाखवून घ्यावं, असं मी बायकोला म्हणालोही होतो.

बायकोने मुकाट्याने सही केली आणि अडकलो मी. पिंजरा दोन्ही हातांनी धरून रिक्षात बसायला एक माणूस लागतो, आणि सिस्टरच्या हिशेबी पेशंटबरोबर नातेवाईक आलाच पाहिजे. करडीच्या वेळी मी गेलो, तेव्हापासून माझं नावच नातेवाईक पडलं. "नातेवाईक, चादर टाका पिंजऱ्यावर, अंधार झाला की ती शांत होते." "नातेवाईक, रात्रीपासून पोटात काही नाही ना गेलं तिच्या?" एकदा आमच्या बँकेत आल्या आणि भर काउंटरवर, रांगेतल्या लोकांसमोर म्हणाल्या, "नातेवाईक, उद्या सकाळी सातला दोन भाट्या आहेत, रजा टाका." त्या दिवसापासून आमचा शिपाई माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागला.

पेशंट परत आल्यावर तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी घरी जाऊन टाके बघायचे, हा त्यांचा जुना शिरस्ता. मांजराला घर नसतं ही अडचण त्यांना अडचण वाटत नसे. एवढ्या वयाची बाई छत्री बाजूला ठेवून उभ्या गाडीखाली डोकं घालते आणि आत बसलेल्या कोणालातरी विचारते, "दुखतंय का गं? भूक लागते ना?" हे दृश्य आमच्या गल्लीत नवं राहिलं नव्हतं. गाडीचे मालक चावी हातात घेऊन तपासणी संपायची वाट बघत उभे असत.

पिवळ्या बोक्याचा किस्सा तर सांगायलाच हवा. हा बोका आमच्या इमारतीत तीन घरी जेवायचा. पहिल्या मजल्यावर तो सोन्या होता, दुसऱ्यावर टायगर, आणि चौथ्या मजल्यावर त्याला गुरुनाथ म्हणत. प्रत्येक घराला वाटे की बिचारं आपल्यावरच जगतंय. सिस्टरनी शोध लावला आणि तीनही घरांची आपल्या खोलीत बैठक घेतली. गंमत म्हणजे गुरुनाथचे पालक दुसरेतिसरे कोणी नाही, खुद्द सेक्रेटरी निघाले. घरात कांदासुद्धा सोवळ्यात चिरणारा माणूस, पण रोज पहाटे गच्चीवर जाऊन गुरुनाथला उकडलेलं अंडं सोलून घालायचा. "सही करतो," सेक्रेटरी खालच्या आवाजात म्हणाले, "पण हे बाहेर जाऊ देऊ नका." तीन सह्या झाल्या आणि गुरुनाथ ऊर्फ टायगर ऊर्फ सोन्या एका रविवारी सगळ्या जबाबदाऱ्यांतून मोकळा झाला. परत आला तो तीनही घरी दुप्पट जेवला.

हेच सेक्रेटरी पावसाळ्याच्या तोंडावरच्या मीटिंगमध्ये उभे राहिले आणि मांजरांविरुद्ध बोलले. जिन्यात घाण, स्कूटरच्या सीटवर ओरखडे, मीटरच्या खोलीत दर दोन-तीन महिन्यांनी नवी पिल्लं. ठराव असा होता की माणूस बोलावून सगळी मांजरं पोत्यात भरावीत आणि खाडीपलीकडे नेऊन सोडावीत. मी म्हटलं, हे कायद्यात बसत नाही. ते म्हणाले, "मांजरांना कुठे कायदा वाचता येतो?" लोक हसले. मी सिस्टरकडे पाहिलं. वही त्यांच्या मांडीवर होती, चौथ्या मजल्याचं पान उघडून दाखवलं असतं तर ठराव तिथेच बारगळला असता. त्यांनी वही उघडली नाही. उठल्या आणि म्हणाल्या, "मला गणपतीपर्यंत वेळ द्या. गणपती बसतील त्या दिवशी या इमारतीत एकही नवं पिल्लू दिसलं, तर तुमचा माणूस बोलवा. मी आडवी येणार नाही."

बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, गप्प का बसलात? तर म्हणाल्या, "पेशंटच्या घरचं बाहेर बोलायचं नसतं, नातेवाईक."

तर अशी ती मुदत. आवारात चौदा मांजरं होती. श्रावण लागेपर्यंत तेरांचे डावे कान कापून झाले. उरली एक, आणि ती एकटीच बाकी तेरांना पुरून उरणारी होती.

तिचं नाव मांदेली. पिवळी, काळी आणि पांढरी, अंगाने बारीक, चालायची मात्र ठसक्यात. ती खरं तर आमची नव्हतीच. गल्लीच्या टोकाला मासळीबाजार आहे, तिथे एका मावशीच्या ओट्याखाली ती राहायची. बाळंतपणाला मात्र यायची आमच्या मीटरच्या खोलीत, माहेरी आल्यासारखी. आवारातली निम्मी मांजरं तिचीच पोरं. चैत्रातली पिल्लं आता मोठी झाली होती आणि बाहेरचे बोके पुन्हा तिच्या मागे घुटमळायला लागले होते. गणपतीपर्यंत ती पुन्हा मीटरच्या खोलीत आली असती, की संपलंच.

मावशी साठी कधीच उलटलेली, कोळीवाड्यातली. कोयत्यावर सुरमईचे तुकडे पाडताना ती समोरच्याशी बोलत नसे, मांदेलीशी बोले. सिस्टर मासळी घ्यायच्या ती तिच्याचकडून. मला एक गोष्ट आधीपासून खटकायची. कोथिंबिरीच्या जुडीवरसुद्धा पाच मिनिटं घासाघीस करणारी ही बाई मावशीपुढे मात्र गप्प उभी राहायची. मावशी देईल ते घ्यायच्या, सांगेल ते द्यायच्या. बोलणंही फारसं नाही. मी समजायचो, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक आहे, भाव ठरलेला असेल.

आषाढात सिस्टरनी पहिल्यांदा तिला विचारलं. "मांदेलीचं ऑपरेशन करून आणू का गं? पाच दिवसांत परत आणून सोडते."

मावशीनं कोयत्यावरून मान वर केली नाही. "नाय देनार," म्हणाली.

"बरं. उद्या परत विचारते."

श्रावणात सिस्टर मासे खात नसत. तरी रोज सकाळी दहाला छत्री घेऊन बाजारात जायच्या, रिकाम्या पिशवीने मावशीपुढे उभ्या राहायच्या, एकदाच विचारायच्या, "आज काय वाटतंय?" मावशी म्हणायची, "नाय." सिस्टर परत फिरायच्या. जोर नाही, समजावणं नाही. सेक्रेटरींचं नाव नाही की मुदतीचं नाव नाही. मी म्हणायचो, अहो, निदान तिला सांगा तरी की नाहीतर सगळी मांजरं पोत्यात जाणार आहेत. त्या म्हणायच्या, "धाक घालून घेतलेली सही सही नसते."

माझी हालत वेगळीच. आमच्या घरात श्रावण कडक, आणि पिंजऱ्यात ठेवायला सुकट माझ्या पिशवीत. एक दिवस लिफ्टमध्ये सेक्रेटरींच्या मिसेस नाकाला पदर लावून म्हणाल्या, "श्रावणातसुद्धा निभत नाही वाटतं काही जणांना." मी म्हटलं, मांजरांसाठी आहे, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. बायकोने पिशवी दाराबाहेर खिळ्याला टांगायचा नियम केला.

गणपतीला नऊ दिवस उरले तेव्हा माझा धीर सुटला. भर दुपारी बाजार आवरून मावशी घरी गेलेली. मांदेली आमच्या मीटरच्या खोलीची पाहणी करायला आली. मी पिंजरा लावला, मूठभर सुकट आत टाकली आणि जिन्याआड उभा राहिलो. दहा मिनिटांत खट्‌कन दार पडलं. इतकी वर्षं बँकेत काढली, पण एवढा आनंद कधी कुठल्या कामाचा झाला नव्हता. चादर टाकून पिंजरा उचलला आणि तीन मजले एका दमात चढलो.

सिस्टरनी चादर वर करून पाहिलं आणि त्या खाली बसल्या.

"हिची संमती?"

"आपल्या आवारात मिळाली, सिस्टर. बाजारात हातही लावला नाही मी."

"आवार कुणाचंही असो. हिला खाऊ कोण घालतं?"

"अहो, मांजर आहे ते! आज नेली तर चार-पाच दिवसांत परत. मावशीला वाटेल कुठे भटकायला गेली होती. तिच्या भल्याचंच आहे, सगळ्यांच्या भल्याचं आहे."

"अगदी असंच म्हणाले होते मला, केंद्रातले सगळे," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते इतक्या सावकाश सांगितलं, की मधे मांदेलीसुद्धा ओरडायची थांबली. नोकरीची पहिली वर्षं. त्या महिन्याच्या नसबंदीच्या केसेस कमी भरत होत्या, वरून रोज विचारणा व्हायची. वस्तीतली एक तरुण बाई, दोन मुलगे. सासू म्हणाली, पुरे झाले, करून टाका. सासूने कागदावर अंगठा दिला. तो सुनेचा म्हणून चालला. सुनेला सांगितलं, पोट तपासायला जायचंय.

"रिक्षात मी तिच्या शेजारी बसले होते," सिस्टर म्हणाल्या. "तिचा हात माझ्या हातात होता. ती मला विचारत होती, किती वेळ लागेल? घरी मासे उघडे टाकून आलेय. मी म्हटलं, लगेच होईल. एवढंच बोलले मी. तिला आणखी एक हवं होतं हे मला नंतर कळलं. मुलगी हवी होती."

मी विचारलं, "मग काय झालं तिचं?"

"पिंजरा उघडा, नातेवाईक. जिथे धरली तिथे."

मी उघडला. मला भयंकर राग आला होता, आणि लाजही वाटत होती, पण रागच जास्त होता. मांदेली मीटरच्या खोलीतून शेपूट उभारून निघून गेली. तोंडात माझी सुकट होती.

दुसऱ्या दिवशी बँकेत जाण्याआधी मी तडक बाजारात गेलो. मावशीपुढे उभा राहिलो आणि सगळं ओकून टाकलं. सोसायटीचा ठराव, पोती, गणपतीची मुदत. सिस्टरनी जे सांगायचं टाळलं होतं ते सगळं. आणि शेवटी म्हणालो, "काल तुमची मांजर माझ्या पिंजऱ्यात होती, मावशी. बंद पिंजऱ्यात. सिस्टरनी सोडायला लावली. का, तर तुमची सही नाही."

कोयत्यावरचा हात थांबला. "सोरली?"

"सोडली."

"गावलेली सोरली?"

"हो ना!"

तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग पुन्हा बांगडा चिरायला घेतला. मी बडबडत परत आलो. बाई हट्टी आणि सिस्टर महाहट्टी, मरोत ती मांजरं, असं मनाशी म्हणालो.

त्याच्या पुढच्या सकाळी सिस्टरचं दार वाजलं तेव्हा मी तिथेच होतो, पिंजरा परत द्यायला गेलेलो. दारात मावशी. लिफ्ट बंद असल्याने तीन जिने चढून धापा टाकत होती. डोक्यावर मासळीची पाटी, तिच्यावर दुसरी पाटी पालथी घातलेली आणि सुतळीने बांधलेली. आतून मांदेली सगळ्या इमारतीला शिव्या देत होती. मावशीनं पाटी खाली ठेवली.

"रोज इचारतेस," ती म्हणाली. "इचारून इचारून नाय थकलीस. मना तवा कोनी एकदा पन इचारला नाय."

सिस्टर उभ्याच होत्या. मला तेव्हा कुठे उमजलं की ती रिक्षातली बाई कोण, आणि इतकी वर्षं सिस्टर भाव न करता मासळी का घेत होत्या. मला तिथून निघून जायचं होतं, पण वाटेत पाटी होती.

"चुकलं माझं," सिस्टर म्हणाल्या. एवढंच, साध्या आवाजात.

"ठावं हाय मना. वही आन."

सिस्टरनी वही आणली, पान उघडलं, आणि सवयीने शाईची डबी पुढे केली. अंगठ्याची. त्यांच्याही लक्षात आलं नसावं. मावशीनं ती डबी बोटाने बाजूला सारली आणि माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं.

"मना सही येते," ती म्हणाली. "तवा पन येत व्हती."

आणि तिने संमतीच्या रकान्यात आपलं पूर्ण नाव लिहिलं, सासरच्या नावासकट, रकाना पुरला नाही तर बाहेरपर्यंत.

त्या वर्षी गणपती बसले तेव्हा मीटरच्या खोलीत फक्त मीटर होते. सेक्रेटरींनी ठराव मागे घेतला, आणि आरतीनंतर चौथ्या मजल्यावर एक मोदक गच्चीच्या दिशेने जाताना मी स्वतः पाहिला. पुढे इमारत पाडायला काढली आणि आम्ही डोंबिवलीला आलो. सिस्टर कल्याणला भाचीकडे गेल्या. महिन्याकाठी फोन येतो. माझी तब्येत विचारत नाहीत. "नातेवाईक, तुमच्या गल्लीत किती? आणि सह्या कितींच्या?" मी आता त्याला खूळ म्हणत नाही. मीही वही घातलीय. मावशी अजून नौपाड्यातच बसते, आणि सिस्टर आठवड्यातून एकदा कल्याणहून ठाण्याला येऊन तिच्याकडूनच मासळी नेतात. भाचीने सांगितलं की आताशा दोघी भावावरून भर बाजारात कडाकडा भांडतात.

पण सिस्टर म्हटलं की मला आठवते ती त्या दिवशीची रिक्षा. मावशीनं सांगितलं होतं की मीपण येनार, म्हणून मागे आम्ही तिघं दाटीवाटीने बसलेलो, मधे सिस्टर, आणि मावशीच्या मांडीवर पिंजरा. मावशीनं चादरीचं टोक उचलून आत पाहिलं आणि सहज विचारलं, "किती येल लागल गो?"

सिस्टर एकदम ताठ झाल्या. मी बाहेर बघायला लागलो.

मग त्या बोलायला लागल्या. आधी सुई देतील, ती झोपेल. पोटावरचे केस काढतील. बोटभर कापून पिशवी काढतील, टाके घालतील. पुन्हा पिल्लं होणार नाहीत, कधीच नाही. सहसा सगळं नीट होतं, पण क्वचित एखादं मांजर उठत नाही, हेही तुला माहीत असू दे. चार-पाच दिवस तिथे ठेवतील. आणि डाव्या कानाचं टोक कापतील.

"कान?" मावशी उसळली. "कानाचा तू कवा सांगतलास?"

"आत्ता सांगतेय. नको असेल तर नको म्हण. रिक्षा वळवायला सांगते, अजून काही झालेलं नाही."

रिक्षावाल्याने आरशात पाहिलं आणि वेग कमी केला. मागून हॉर्न वाजायला लागले. मावशी आधी मांदेलीकडे बघत राहिली, मग सिस्टरकडे. मी मनातल्या मनात गणपतीला एकवीस मोदक बोललो.

"चालव रे," ती रिक्षावाल्याला म्हणाली.

मग तिने पिंजऱ्यावरचा एक हात काढून सिस्टरचा हात धरला आणि लगेच त्यांच्याकडे वळून बघितलं.

"हात कवरा थंड परलाय गो तुजा," ती म्हणाली. "घाबरतेस कशाला? आपरेशन मांदेलीचा हाय."